पाटणादेवी ते पितळखोरा: वाटाड्या घ्याच

चाळीसगावहून आम्ही चौघं उजाडायच्या आत निघालो. गावातला वाटाड्या दादा कमी बोलणारा, पण पाय कुठे टाकायचा ते बरोबर सांगणारा. हेमाडपंती महादेव मंदिरापाशी त्याने घाई केली नाही, हे आवडलं. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेवाने मठ काढला, हे सांगणारा शिलालेख इथल्या पाटण गावचाच. पुढे रानवाट, मग नदीतले धोंडे, मग उभा कातळ आणि पितळखोऱ्याची लेणी. धोंड्यांवर दादाचं "भो, दमानं" (भाऊ, सावकाश) एवढंच ऐकू येत होतं. डबा त्याच्या घरचा: कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, हिरव्या मिरचीचं भरीत, वर कच्चं तेल. हॉटेलातलं भरीत यापुढे कशाला खायचं? दर मात्र आधीच ठरवा, आणि पाणी भरपूर घ्या.