जिमची धास्ती आणि मनगटावरचा बँड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात माझ्या मनगटावरच्या फिटनेस बँडचा ठोके मोजणारा सेन्सर बंद पडला आणि घाम आत शिरल्याचे कारण देऊन सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली. व्यायामासाठी म्हणूनच विकल्या जाणाऱ्या वस्तूबाबत हे कारण मला अन्यायाचे वाटते. माझी तक्रार अजून चालू आहे. तरीही हा अनुभव सविस्तर लिहिते, कारण जिमच्या दारातच ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी असा बँड घ्यावा की नाही, याबद्दलचे माझे मत या काळात दोनदा बदलले.

पावले, झोप, कॅलरी यांविषयी मला काही सांगायचे नाही. माझा सारा संबंध एकाच सुविधेशी आला: हृदयाचे ठोके ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की मनगटावर होणारे कंपन. माझे वय 42. बँडने 220 मधून वय वजा करून मिनिटाला कमाल 178 ठोके धरले आणि 150 वर इशारा लावला. ट्रेडमिलवर दहाव्या मिनिटाला मनगट थरथरायचे, मी घाबरायचे, घाबरल्याने ठोके आणखी वाढायचे आणि बँड पुन्हा थरथरायचा. जोराच्या व्यायामात आणि भीतीत छातीची धडधड, जलद श्वास आणि घाम हे सारे सारखेच असते, त्यामुळे श्रम कुठे संपले आणि धास्ती कुठे सुरू झाली हे मला उमगत नसे. शिवाय ते कंपन सगळ्यांना ऐकू जाते, असे मला ठामपणे वाटे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा 2000 सालचा प्रयोग नंतर वाचला: लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत शिरलेल्या विद्यार्थ्यांना वाटले की निम्म्या लोकांनी तो पाहिला; प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात आला होता. तो वाचून मला खरोखर धीर आला.

दुसऱ्या महिन्यात मी बँड विकायला काढला होता. डॉक्टरांनी तपासून ईसीजी ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा जुन्या नोंदी मी प्रथमच शांतपणे पाहिल्या. घरी बसल्यावर 74 असणारे ठोके जिमच्या बाकावर बुटांच्या नाड्या बांधतानाच 118 झालेले होते. म्हणजे माझे शरीर दुबळे नव्हते. व्यायाम सुरू होण्याआधीच भीती कामाला लागली होती. पहिल्या कंपनाला घरी पळाले की तात्पुरते हायसे वाटे, पण दुसऱ्या दिवशी जाणे अधिक जड होई, हेही ध्यानात आले. म्हणून इशारा बंद केला, रोज एकाच वेळी गेले, धडधड वाढली तर वेग कमी करून तिथेच थांबले आणि ती ओसरल्यावरच निघाले. चौथ्या महिन्यात बाकावरचा आकडा 92 वर आला.

मात्र आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्ताच्या कमी-जास्त प्रमाणावरून हा बँड ठोके मोजतो. डंबेल घट्ट धरला, मनगट वाकले की ते मोजमाप बिघडते. एकदा त्याने 171 दाखवले, तेव्हा मानेवर बोटे ठेवून 15 सेकंदांत 31 ठोके मोजले, म्हणजे 124. वयाचे ते सूत्रही सरासरी आहे. निरोगी माणसाची कमाल गती त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असू शकते. मी ज्या रेषेला धोक्याची समजत होते ती धोक्याची नव्हतीच. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे ही मात्र वेगळी बाब आहे. तिथे व्यायाम थांबवून डॉक्टरांकडेच जावे.

बँड बंद पडल्यापासून मी बोलण्याची कसोटी वापरते: वाक्य बोलता येते पण गाता येत नाही, इतपत श्रम मध्यम समजायचे. ती विनामूल्य आहे आणि आजवर तिने मला घाबरवलेले नाही. नव्या बँडवर मी पैसे खर्च करणार नाही. जुना दुरुस्त होऊन आला, तर इशारा बंद ठेवून वापरीन आणि बाकावर बसल्यावरचा पहिला आकडा तेवढा वहीत लिहीत जाईन.