स्टेपनीचं कव्हर काढून बघा

माझ्याच गाडीचा, मीच मोडीत दिलेला झिजका टायर मी साडेपंधरा हजारांना परत विकत घेतला आणि दहा महिने गाडीच्या पाठीवर मिरवला. सांगायला लाज वाटते, पण मोठे टायर घालायची लाट सध्या जोरात आहे, म्हणून लिहितोय.

गाडी थार, २०२१ची, डिझेल, फोर बाय फोर. कंपनीचे टायर २५५/६५ आर १८. पंचेचाळीस हजार किलोमीटरला चारही टायरची नक्षी झिजत आली होती. स्टेपनी मात्र कोरी, जमिनीला कधी टेकलेलीच नव्हती. ऑफिसातल्या दोघांनी २५५/७० आर १८ मापाचे एटी (ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टायर घातले होते आणि त्यांच्या गाड्यांशेजारी माझी गाडी उभी केली की ती उपाशी वाटायची. कारण एवढंच. बाकी ‘घाटात ग्रिप लागते’ वगैरे मी घरी सांगितलं.

आकड्यांचा हिशोब मी केला होता, तिथे चुकलो नाही. २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ किंवा ७० म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची, १८ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात. जुन्या टायरचा एकूण व्यास साधारण ७८९ मिलिमीटर, नव्याचा ८१४. म्हणजे तीन टक्क्यांच्या वर फरक. गाडी जेमतेम सव्वा सेंटिमीटर उचलली जाते, आणि जुन्या टायरला बरोबर असलेला स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी साडेब्याऐंशीने पळत असते. टायर मोठा घेतला तर स्टेपनीही त्याच मापाची हवी, हेही मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर पाच टायर घेतले! चारच घेऊन पैसे वाचवणाऱ्यांना मी हसायचो.

शहरातल्या दोन दुकानांनी एका टायरचे एकोणीस हजारांच्या आसपास सांगितले. हायवेलगतच्या एका दुकानात तोच नावाजलेला परदेशी टायर साडेपंधराला. ‘दादा, इंपोर्टचा माल आहे, कंपनीची पाच वर्षं वॉरंटी.’ जुने पाच टायर पंधराशे रुपये नगाने घेणार होता. स्टेपनी कोरी आहे म्हटल्यावर तो हसला, ‘जुनं ते जुनं, सर. सगळे एकाच भावात.’ सत्त्याहत्तर हजार पाचशे वजा साडेसात, झाले सत्तर. पक्कं बिल हवं तर वर अठ्ठावीस टक्के लागतील म्हणाला. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला आहे). मी कच्चं बिल घेतलं. चाळीस यूपीआयने, तीस रोख. हाव माझीच, त्याचा दोष त्याच्यावर टाकत नाही.

कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते त्याने बोटाने हलवून दाखवले. ‘बघा, केसही तुटलेले नाहीत.’ केस म्हणजे टायर वापरलेला नाही, एवढंच. तो कधी बनला ते केस सांगत नाहीत. हे मला नंतर कळलं.

मग त्याने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही मला त्या वेळी सेवा वाटल्या. एक म्हणजे, या टायरच्या एका बाजूला पांढरी ठळक अक्षरं होती. तो म्हणाला, ‘सर, पांढरी बाजू आत टाकू. मळते, पिवळी पडते. काळी बाहेर ठेवली की गाडी रुबाबदार दिसते.’ मला पटलं. दुसरं, पाच टायर घेतले म्हणून स्टेपनीचं चकाचक कव्हर फुकट. ‘आमच्याकडून भेट.’ मग म्हणाला, चढवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून दोन तास जातील, समोर मिसळ चांगली मिळते. खरोखर चांगली होती. मी परत आलो तेव्हा चारही टायर चमकत होते, पाठीवर कव्हर ताणून बसवलेलं होतं आणि मी त्याला ‘थँक यू भाऊ’ म्हणालो.

हे जानेवारी २०२४ मधलं. नोव्हेंबरात आम्ही सांदण दरीला निघालो. आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, शेंडी. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेतलं आणि साम्रदकडे वळलो. वाटेत डावीकडचा मागचा टायर एका धारदार दगडाला घासला आणि बाजूनेच फाटला. नक्षीत खिळा घुसला तर स्ट्रिप भरून काम भागतं, बाजूची चीर कुठलाच पंक्चरवाला भरत नाही. स्टेपनी लावणं भाग होतं. मी निश्चिंत होतो. पोराला म्हणालो, बघ, म्हणून पाचवा घेतला होता.

कव्हरची चेन ओढली. आत नक्षी गुळगुळीत होत आलेला टायर. बाजूवर २५५/६५ आर १८. मला वाटलं काहीतरी चुकतंय. मग कडेवर पिवळ्या रंगाचा ओरखडा दिसला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाचा. तो ओरखडा मीच काढला होता, बायको शेजारी बसलेली असताना, त्यामुळे विसरणं शक्यच नव्हतं. चार झिजलेल्यांमधला बहुधा सगळ्यात झिजलेला त्याने माझ्या स्टेपनीच्या डिस्कवर परत चढवला होता. माझी कोरी स्टेपनी त्याच्याकडे, पंधराशेला. नवा पाचवा टायर मुळात नव्हताच.

हवा मोजली तर जेमतेम १४ पीएसआय. इथे मात्र माझाही गाढवपणा. दहा महिन्यांत एकदाही स्टेपनीची हवा पाहिली नाही, कारण वॉल्व्ह कव्हरखाली. पंपावरचा पोरगाही कव्हर बघून पुढे जायचा.

साम्रदच्या एका दादाने जॅकखाली घालायला लाकडाचं फळकूट आणून दिलं, आणि पर्यटक ने-आण करणारा शेंडीचा एक जीपवाला थांबला म्हणून आमचं निभावलं. त्याच्याकडे हवेचा छोटा पंप होता. त्याने दोन्ही टायरकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, हा बारका मागे लावू नका. झिजलेला टायर नव्यापेक्षा व्यासाने साडेतीन सेंटिमीटर तरी लहान असणार. एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या जोडीत, दोन मापं आली की दोन चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियलला (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) क्षणभर विश्रांती मिळत नाही. माझ्या गाडीत मागच्या डिफरन्शियलला लॉक आहे, म्हणून तिथे तर नकोच. त्याने पुढचा चांगला टायर मागे आणला, बारका पुढे लावला आणि बजावलं, ‘फोर एचला हात लावायचा नाही. टू एचमध्येच सावकाश जा.’ फोर एच म्हणजे चारही चाकांना ताकद, टू एच म्हणजे फक्त मागच्या दोन. थारच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडला जातो. मापं वेगळी असतील तर कोरड्या डांबरावर तो ताण थेट गिअरांवर येतो. ज्या चढासाठी एटी टायर घेतले, तिथेच फोर बाय फोर वापरायची नाही!

खरा धक्का राजूरला बसला. पंक्चरवाल्याने फाटलेला टायर डिस्कवरून काढला, पांढऱ्या अक्षरांची बाजू वर केली, फडक्याने पुसली आणि विचारलं, ‘साहेब, हा कधी घेतला?’ यंदाच, म्हणालो. त्याने बोट ठेवलं. टायरवर ‘डीओटी’ने सुरू होणारी कारखान्याच्या सांकेतिक आकड्यांची ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे होते, ३९१७. एकोणचाळिसावा आठवडा, २०१७. मी ‘नवा’ म्हणून घेतला तेव्हा त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. माझ्या टायरवर हे चार आकडे फक्त पांढऱ्या बाजूला होते. काळ्या बाजूला तीच ओळ अर्धवट, तारीख नसलेली. पांढरी अक्षरं आत का टाकली, ते तेव्हा उमगलं. बाकीचे तीन गाडीखाली आडवं होऊन टॉर्चने पाहिले. दोन २०१७चे, तिसऱ्यावर ती चौकट घासून सपाट केलेली. पॉलिश निघालेल्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा. आयएसआयची खूण एकावरही नाही, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाडीच्या टायरवर ती सक्तीची आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात प्रतिबंधित गटात टाकली. तेव्हापासून परवान्याशिवाय बाहेरचा टायर आणता येत नाही. ‘इंपोर्टचा माल’ शहरापेक्षा साडेतीन हजारांनी स्वस्त कसा, हा प्रश्न मला दुकानात पडायला हवा होता.

दुकानदाराकडे गेलो. ओळख दाखवली, चहा मागवला, मग म्हणाला, ‘स्टेपनी रस्त्यात कुणी बदलली असेल, सर. दहा महिने झाले.’ बिलावर फक्त ‘टायर ५ नग’. माप नाही, आठवडा-वर्ष नाही, टायरचा नंबर नाही. कंपनीच्या वॉरंटीचं तर नावच नको. पण त्याच कागदावर त्याच्याच अक्षरात खाली लिहिलं होतं: ‘जुने ५ नग वजा ७५००’. मी विचारलं, पाचही जुने तुम्ही घेतलेत ना? मग माझा जुना टायर माझ्या गाडीवर कुठून आला? आणि पिवळ्या ओरखड्याचा जुना फोटो पुढे केला. विम्याच्या क्लेमसाठी बायकोने काढून ठेवला होता. चहा तसाच राहिला.

तारखांचं त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे त्याला लेखी कळवलं. यूपीआयचे चाळीस हजार दाखवता येत होते. रोख तीस हजार कुठे दाखवणार? अखेर त्याने पाचव्या टायरचे साडेपंधरा हजार परत केले आणि मी दमून विषय सोडला. चार शिळ्या टायरचे पैसे गेले ते गेलेच.

आता देशी एटी आहेत, कंपनीच्याच मापाचे, ड्रायव्हरच्या दाराशेजारच्या स्टिकरवर लिहिलेलं २५५/६५ आर १८. पाचही पक्क्या बिलावर, प्रत्येकाचे चार आकडे बिलात लिहून. चढवताना मी मिसळ खायला गेलो नाही, स्टूल टाकून समोर बसलो. तारखेची बाजू बाहेर. दर दहा हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदलताना स्टेपनीही फेरीत फिरवतो, म्हणजे पाचही सारखे झिजतात आणि गरज पडेल तेव्हा पाचव्याचा व्यास बाकीच्यांशी जुळतो. गाडी ऑफिसातल्या त्या दोघांशेजारी अजूनही जरा उपाशी दिसते.

पैसे पाठवल्यावर दुकानदाराचा मेसेज आला होता: ‘कव्हर परत आणून द्या, ते पाच टायरवर फ्री होतं.’ नाही दिलं. गावी विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरवर घातलंय, पावसाचं पाणी आत जात नाही.