फिश टँकचा स्टँड बनवून घेताय? रंगाखाली काय आहे ते आधी बघा भाऊ

पहिले वजनाचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. चार बाय दीड बाय दीड फुटाचा टँक काठोकाठ भरला तर २५५ लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. १० एमएम काचेचे पन्नासेक किलो वेगळे, वरून रेती-दगडं, असं करत करत ३३०-३४० किलो होऊन जाते. आणि हे वजन रात्रंदिवस तिथंच बसून राहते, वर फिल्टर साफ करताना पाणी सांडते ते वेगळंच.

हे सगळं मी माझा स्टँड बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं होतं. नाव लिहित नाही, तक्रार चालू आहे. तो म्हणाला टेन्शनच नका घेऊ, दीड इंची चौकोनी पाइप, २ एमएम जाड, फुल वेल्डिंग, वरून मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, अन् सनमायका. दुकानात पाइपचा तुकडा हातात दिला, तो खरंच जाड होता. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्याच्या स्टँडवर तीन पोट्टे उभे राहून नाचून राहिले. आता विचार करा, तीन पोट्टे म्हणजे दोनशे किलो, ते पण एक मिनिट, त्याच्यानं काय सिद्ध होते? पण पाहणाऱ्याला भारी वाटते. साडेतेरा हजार ठरले, आठ हजार ॲडव्हान्स, बाकीचे डिलिव्हरीला. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी, त्याच्यावर फक्त "फिश टँक स्टँड १ नग".

स्टँड आला तेव्हा एकदम चकाचक, काळा रंग, कुठं एक डाग नाही. टँक ठेवायच्या आधी फिल्टर अन् लाइटच्या वायरी काढायला मागच्या बाजूनं होल पाडायला इलेक्ट्रिशियन बोलावला, अन् ड्रिल लावताच भुसा पडायला लागला, असा चहाच्या पावडरसारखा. प्लायला होल पाडलं की आत थर दिसतात, इथं थर-बिर काहीच नाही, पार्टिकल बोर्ड होता, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून बनवलेला, वरून मायका चिकटवलेला. हा बोर्ड पाणी पिला की फुगते आणि मग स्क्रू धरत नाही. आणि तोच टँकच्या खाली पण!

मग मला पाइपचा पण डाऊट आला. जॉइंटवरचा रंग खरवडला तर खाली लांबी (पुट्टी) निघाली, तीच जी गाडीच्या डेंटिंगला भरतात. लांबी काढल्यावर दिसलं की कोपऱ्याला वेल्डिंगचे दोन-दोन टाके मारलेत फक्त, बाकी फट सोडून दिली. फुल वेल्डिंग म्हणे! बोर्ड सगळे खोलून नुसती फ्रेम भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. माझ्या फ्रेमला साधारण ४० फूट पाइप लागतो, २ एमएमचा असता तर २७-२८ किलोच्या आसपास भरला पाहिजे होता, काट्यावर १८. म्हणजे पाइप १.२ एमएमचा. भंगारवाला विचारते, किलोनं लावू का भाऊ, मी म्हटलं थांब जरा, आधी ज्यानं दिला त्याला विचारून येतो.

त्याला विचारलं तर उत्तर काय, तर "मासे कितीसे वजनाचे राहतात साहेब?" मग म्हणे मरीन प्लाय स्टँडच्या दरवाज्यांना लावलाय. तेही पाहिलं. आतल्या बाजूला आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा शिक्का होता, खाली सीएम/एल नंबर, म्हणजे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) लायसन नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमधे टाकला तर तो लायसन प्लायचाच नव्हता! ज्याला प्लाय घ्यायचा आहे त्यानं शीट कापायच्या आधी हा नंबर तपासा, कापल्यावर शिक्का कोणत्या तुकड्यावर गेला कोण सांगते. आणि रंगाच्या आधी, नुसतं लोखंड असताना फ्रेम पाहायला जातो म्हणून सांगून ठेवा. जो म्हणते रंग मारल्यावरच या, त्याच्याकडे जाऊच नका. पाइपचा गेज (जाडी), फ्रेमचं वजन आणि प्लायचा ग्रेड पक्क्या बिलात लिहायला लावा, काही जण लगेच भाव वाढवतात, त्याच्यातच कळून जाते.

माझ्याकडे कामाला आला तो त्याचाच व्हॉइस मेसेज, त्यात "टू एमएम, मरीन" असं स्वतःच्या तोंडानं बोललाय. तो, ॲडव्हान्सचं ऑनलाइन पेमेंट अन् भंगारवाल्याच्या काट्याचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) तक्रार टाकली. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखापर्यंतच्या मालाला तिथं फी लागत नाही. तक्रार गेल्यावर त्याचा फोन आला, पाच हजार परत देतो, मिटवून टाका. मी म्हटलं पूर्ण पैसे दे आणि तुझा स्टँड घेऊन जा.

नवीन फ्रेम दुसऱ्याकडून किलोच्या भावानं बनवून घेतली, प्लायची शीट नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूड बाजारातून स्वतः आणली. मासे सध्या जुन्या छोट्या टँकमधेच दाटीवाटीनं आहेत. आणि तो तीन पोट्ट्यांचा व्हिडिओ अजूनही त्याच्या स्टेटसवर फिरूनच राहिला, "हेवी ड्युटी, गॅरंटीसहित" असं लिहून. तुम्हाला कोणी दाखवला तर ओळखाल, मधला पोट्टा पिवळ्या टी-शर्टात आहे.