बडोद्यातलं पुरुषांसाठीचं ड्रॉप-इन सेंटर – बिनधास्त जा

ड्रॉप-इन सेंटर म्हणजे सहज जाऊन बसायची, सल्ला घ्यायची जागा. सयाजीगंज बाजूला एका संस्थेचं आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. गे-बाय मुलांसाठी. बाहेर मोठी पाटी नाही ते बरंच आहे, आपल्या मराठी वस्तीत, दांडिया बाजारात सगळे एकमेकांच्या ओळखीचे, कोण घरी जाऊन सांगेल नेम नाही. इथलं भारी काय तर समजावणारे आपल्यातलेच. मला भेटला तो दादा मराठीच निघाला, म्हणे डॉक्टरपुढे कोणी तोंड उघडत नाही रे, पण मित्र कंडोम वापरतो कळलं की दुसराही वापरतो. लाकडी मॉडेलवर कंडोम चढवून दाखवला आणि खोबरेल तेल लावलंस तर लेटेक्स फाटतं, वॉटर-बेस्ड ल्यूबच घे असं सांगितलं, आमच्या ग्रुपमधे निम्म्यांना हे माहीतच नव्हतं!! कंडोम फुकट. एचआयव्ही टेस्टला सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात) सोबत येतात, तीही फुकट, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यामुळे रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. कंडोम फाटलाच तर ७२ तासांच्या आत पीईपी (एचआयव्हीची लागण टाळायची औषधं) सुरू करायचं, जितकं लवकर तितकं चांगलं. वैताग एकच, टायमिंग दुपारचं, नोकरीवाल्याने यायचं कधी? पंखा पण नुसता खडखडतो. जायला जमत नसेल तर एड्स हेल्पलाइन १०९७ लावा, टोल-फ्री आहे.