रविवारच्या खेळाडूची स्टिक : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

माझ्या हॉकी स्टिकबद्दल आधी निकाल सांगतो, मग कारणं. 20 टक्के कार्बन आणि बाकी फायबर ग्लास, मिड बो (म्हणजे बाक मध्याजवळ), 36.5 इंच लांबी. जालंधरची बनावट, किंमत पाच हजारांच्या आत. पावसाळ्याच्या तोंडावर घेतली होती, आता उन्हाळा लागलाय. आठवड्यातून एकदा-दोनदा हॉकी खेळणाऱ्या कुणालाही मी याच प्रकारातली स्टिक घ्यायला सांगेन.

मी कुठल्या पातळीवर खेळतो हे सांगायला हवं, कारण स्टिकबद्दल बोलणारे बहुतेक जण निदान राज्यापर्यंत खेळलेले असतात. मी कॉलेजच्या संघात राखीव होतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेलो, यादीत नाव आलं नाही. आता चाळिशीपुढच्यांच्या आमच्या गटात फुलबॅकला, म्हणजे बचावात सगळ्यात मागे खेळतो. माझ्या नावावर गोल नाही. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोललाइनवरून सुटून बॉलच्या अंगावर धावून जायचं काम माझं, आणि ते मला मनापासून आवडतं. शाळेत हातात घेतलेला हा खेळ कधी सुटला नाही, सुटणारही नाही.

पुण्यात हॉकीचा विषय निघाला की कुणीतरी खडकीचा दाखला देतंच. हॉकीपटू धनराज पिल्ले तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिका घेऊन खेळले आणि पुढे चार ऑलिंपिक खेळले, तेव्हा स्टिकचं एवढं कौतुक कशाला, असं म्हणतात. मला हे पटत नाही. तसे हात असले की मोडकी स्टिकही चालते. माझ्यासारख्या साध्या हातांना स्टिकने सांभाळून घ्यावं लागतं, म्हणून ती निवडताना विचार आम्हीच जास्त करायला हवा.

दुकानात मात्र उलटं घडतं. तुम्ही पैसे खर्च करायला तयार आहात असं दिसलं की 90 टक्के कार्बनची लो बो, म्हणजे खाली बाक असलेली स्टिक समोर येते. कार्बन वाढला की स्टिक कडक होते आणि हिटमध्ये ताकद मिळते, हे खरंच आहे. पण फुलबॅक हिट किती वेळा मारतो आणि बॉल अडवतो किती वेळा? संघातल्या एका मित्राची तसली स्टिक मी मध्ये काही आठवडे वापरली. बॉलचं वजन 156 ते 163 ग्रॅम, वर कडक प्लास्टिक. ओल्या टर्फवरून (कृत्रिम गवतावरून) तो सरळ येऊन कडक स्टिकवर आदळला की हातभर पुढे उडतो. समोरच्या फॉरवर्डला तेवढंच हवं असतं. शिवाय थंडीतल्या सकाळी मनगटापर्यंत झिणझिण्या येतात, त्या वेगळ्याच.

माझ्या स्टिकवर मात्र बॉल मरतो, म्हणजे जागीच थांबतो. नेहरूनगरच्या मैदानावर एका सामन्यात समोरच्या सेंटर हाफने मधून जोरात थ्रू पास टाकला. मी डावा हात थोडा पुढे, स्टिक किंचित तिरकी धरून बसलो. टप्पकन आवाज झाला आणि बॉल पायापासून वीतभर अंतरावर थांबला. मान वर करून बघायला वेळ मिळाला, राइट हाफ मोकळा होता, त्याला पुश दिला. मागून आमच्या गोलकीचं ‘शाब्बास’ ऐकू आलं. माझ्या जागेवरच्या खेळाडूला याहून मोठी कमाई नसते.

बो, म्हणजे स्टिकचा बाक. नियमाने तो 25 मिलिमीटरपर्यंत चालतो. लो बोमध्ये तो हुकच्या, म्हणजे खालच्या वळलेल्या टोकाच्या जवळ असतो, त्यामुळे ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकणं) छान बसते, पण साधी हिट मारतानाही बॉल उचलला जातो. डीमधून, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळातून गोलवर मारणाऱ्याला त्याचा फायदा. बचावातून जाणूनबुजून हिट उचलली तर फाउल, आणि चुकून उठलेला बॉल कुणाच्या नडगीवर बसेल याची धास्ती राहतेच. मिड बोने हिट जमिनीलगत जाते. रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी करून डावीकडे अडवतानाही हात बावरत नाही.

आता तक्रारी. मूळची ग्रिप अगदीच टाकाऊ. पावसात आणि घामात ती गणपतीपर्यंतही टिकली नाही, बुळबुळीत झाली. मी ती काढून टॉवेलसारख्या कापडाची ग्रिप गुंडाळली. किंमत किरकोळ, फरक मोठा. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. टर्फ मिळत नाही तेव्हा आम्ही मुरमाच्या मैदानावर खेळतो आणि मुरूम अशा कंपोझिट (कार्बन-फायबर ग्लासच्या) स्टिकला खातो. हुकच्या खालच्या कडेचा रंग पहिल्या दोन महिन्यांतच गेला. आता तिथे बोट फिरवलं की तंतू खरखरीत लागतात. कड धारदार झाली की पंच स्टिक बाहेर ठेवायला लावू शकतात. त्यावर कापडी चिकटपट्टीचा एक पदर लावावा, एकच. जाड थर लावला तर सामन्याआधी तपासणी झाल्यास स्टिक जाडी मोजायच्या 51 मिलिमीटरच्या कड्यातून जाणार नाही.

फक्त मुरमावरच खेळत असाल तर तुतीच्या लाकडाची स्टिक अजूनही उत्तम आहे, हे मी आनंदाने सांगतो. लाकूड बॉलचा धक्का पितं. पण पाणी मारलेल्या टर्फवर ते भिजतं, जड होतं. 1976 साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली, भारत सातवा आला, आणि तेव्हापासून मैदान बदलत गेलं तशी स्टिकही बदलत गेली. आमच्यासारखे दोन्हींकडे खेळणारे मधल्यामध्ये अडकतात. त्यांच्यासाठी ही कमी कार्बनची स्टिक मला सगळ्यात योग्य वाटली.

वजनही बघून घ्या. नियमाची मर्यादा 737 ग्रॅम आहे, पण तेवढी जड स्टिक हल्ली कुणी वापरत नाही. माझी वाण्याच्या काट्यावर साडेपाचशेच्या आतबाहेर भरली. चौथ्या क्वार्टरमध्ये खाली वाकून टॅकल करताना हा हलकेपणा खांद्याला कळतो.

शाळेतल्या मुलासाठी घेत असाल तर कार्बन नसलेली, नुसत्या फायबर ग्लासची घ्या, कमरेपर्यंत येईल एवढ्या लांबीची. वाचलेल्या पैशांत चांगले शिनगार्ड आणि माउथगार्ड येतात.