फान्तोत्सी: दहांपैकी पहिले दोन बघा, आणि इटालियनमध्येच बघा

उगो फान्तोत्सी हा इटलीतल्या एका महाकाय कंपनीतला हिशेबनीस. पाओलो विल्लाज्जो यांनी तो आधी लिहिला (पुस्तक १९७१चं) आणि मग पडद्यावर स्वतःच साकारला. १९७५ ते १९९९ या काळात दहा चित्रपट आले. इटालियनमध्ये 'फान्तोत्सियानो' असं विशेषणच रुजलं आहे. साहेबापुढे वाकणारा, नशिबाने झोडपलेला माणूस दिसला की तेच वापरतात.

यातले लुचानो सालचे यांनी दिग्दर्शित केलेले पहिले दोन (१९७५ आणि १९७६) आधी बघावेत. त्यांतला विनोद हिशेबावर उभा आहे. ऑफिसात साडेआठला हजेरी, म्हणून गजर ७ वाजून ५१ मिनिटांचा. शुद्धीवर यायला ५ सेकंद, बायकोचं दर्शन पचवायला ४, असा प्रत्येक सेकंद मोजलेला. बुटाची नाडी तुटते आणि सगळं गणित कोसळतं. मग बाल्कनीतून उडी मारून धावती बस पकडायची. हे सगळं विल्लाज्जो यांचाच आवाज तृतीयपुरुषी, सरकारी अहवालाच्या गंभीर सुरात सांगत असतो. डबिंगमध्ये हा सूर गेला, तर निम्मा चित्रपट गेला.

सबटायटल्सही काही ठिकाणी हात टेकतात. फिलीनी हा सहकारी पहाटेच्या धुक्यात टेनिस खेळताना विचारतो, "बात्ती?" म्हणजे 'सर्व्हिस करतोस?' फान्तोत्सी दचकतो: मला अरे-तुरे? फिलीनी घाईने दुरुस्ती करतो, "बात्ती लेई?" ('लेई' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'.) आदरार्थी क्रियापद खरं वेगळं. त्याने सर्वनाम तेवढं बदललं, क्रियापद एकेरीच ठेवलं. आपल्याकडे 'तुम्ही सर्व्हिस करतोस?' म्हणावं, तसं. 'वेंगा' (या) याच्या जागी 'वेंगी', 'वादा' (जा) याच्या जागी 'वादी' हीही आदरार्थी रूपांतलीच चूक: एका गटातल्या क्रियापदांचा प्रत्यय दुसऱ्याला लावायचा. इंग्रजी सबटायटल्समध्ये हा विनोद उरत नाही, कारण 'यू' एकच. तू-तुम्ही-आपण पाळणाऱ्या मराठी प्रेक्षकाला मात्र एवढी गोष्ट माहीत असली की पुरे.

दुसऱ्या चित्रपटातला फिल्म क्लबचा प्रसंग सगळ्यांत प्रसिद्ध. साहेबाच्या हौसेखातर कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षं तोच रशियन मूकपट सक्तीने बघावा लागतो, आणि एकदा तर नेमका इटली-इंग्लंड फुटबॉल सामना असताना. शेवटी फान्तोत्सी उठून तो चित्रपट निव्वळ घाण असल्याचं जाहीर करतो आणि ९२ मिनिटं टाळ्या पडतात. रोख आयझेनस्टाइन या रशियन दिग्दर्शकाच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'कडे आहे, पण ही थट्टा त्याची नाही, सक्तीच्या रसिकतेची आहे. पडद्यावर दिसणारी दृश्यंही मूळ चित्रपटातली नाहीत, नव्याने चित्रित केलेली आहेत, आणि नावही 'कोत्योमकिन' असं बदललेलं आहे.

खटकणारी बाजू म्हणजे बायको पीना आणि मुलगी मारियांजेला यांच्या रूपावरची सततची चेष्टा. मुलीचं काम प्लीनियो फेर्नान्दो या पुरुष नटाने केलं आहे. आज हे बोचतं, आणि बोचायलाच हवं. तरी मालिकेतला सर्वांत हळवा क्षण याच धाग्यात आहे. नाताळच्या कार्यक्रमात साहेबलोक मारियांजेलाला 'चीता' म्हणतात, म्हणजे टारझनची माकडीण. मुलगी बापाला विचारते, चीता कोण? तो सांगतो, चीता हेवर्थ, अमेरिकेतली फार सुंदर नटी होती. रिटा हेवर्थ या खऱ्या हॉलिवूड नटीच्या नावातल्या रिटाचं चीता करून तो मुलीचा मान राखतो. वाकत जगलेल्या या माणसाची ताकद इथे दिसते, आणि म्हणूनच तो नुसता धडपडणारा विदूषक ठरत नाही.

पुढचे सात चित्रपट नेरी पारेंती यांचे, शेवटचा दोमेनिको सावेर्नी यांचा. जसजसे पुढे जाल तसतशी धडपड आणि आदळआपट वाढते, ऑफिसची बारीक निरीक्षणं विरळ होतात. अजून एखादा बघायचा असेल, तर १९८०चा तिसरा घ्या. त्यात पीना (या चित्रपटात मिलेना वुकोतिच) एका बेकरीवाल्यावर भाळते आणि फान्तोत्सीच्या घरात कपाटापासून सगळीकडे पावच पाव सापडत जातो.