बोलीतलं इंग्रजी: चिनी माणसाने यादी पाठ करावी, मालिका बघावी की बोलायला जोडीदार शोधावा?

चीनमध्ये कॉलेज शिकलेल्या माणसाचं इंग्रजी व्याकरण बहुधा पक्कं असतं. अडतं ते ऑफिसातल्या गप्पांत. 1987 पासून चालत आलेल्या तिथल्या कॉलेज इंग्लिश टेस्टमध्येही बोलण्याची परीक्षा मुख्य पेपरपासून वेगळी असते. असा एखादा सहकारी तुमच्या टीममध्ये असेल आणि त्याने सल्ला विचारला, तर माझं मत हे.

वाक्प्रचारांच्या याद्या शेवटी ठेवाव्यात. चिनी मुलं शाळेत 'छंग्यू', म्हणजे बहुतेक चार अक्षरांचे जुने वाक्प्रचार, त्यामागच्या गोष्टींसकट शिकतात. लेखनात ते पेरले की माणूस शिकलेला वाटतो. त्याच सवयीने 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' पाठ होतं आणि रोजच्या बोलण्यात ते क्वचितच कानावर पडतं. खरी उणीव असते 'फिगर आउट', 'पुट ऑफ', 'शो अप' असल्या किरकोळ दिसणाऱ्या क्रियापदांची. मध्यम तयारीचे चिनी विद्यार्थी ती टाळून एकशब्दी क्रियापद निवडतात, हे 2004 साली छापून आलेल्या एका अभ्यासातही दिसलं होतं.

अमेरिकी विनोदी मालिकांत हीच क्रियापदं सतत येतात, तीही आवाजाच्या चढउतारासकट. चीनमध्ये मालिका पुष्कळदा दोन्ही भाषांच्या सबटायटल्ससह बघतात. तिथे नजर आपसूक चिनी ओळीकडे जाते. ती ओळ बंद करावी आणि एकच प्रसंग पुन्हा पुन्हा ऐकावा. जुन्या मालिकांतली काही भाषा आता शिळी झाली आहे, तरी सुरुवातीला माझी पसंती मालिकांनाच.

पण बोलायची वेळ आली की सरावाला इंग्रजी बोलणाऱ्या जोडीदाराला पर्याय नाही. शेनझेनच्या हॅलोटॉकसारख्या, एकमेकांची भाषा शिकायच्या ॲपवर समोरचा तुमचं वाक्य दुरुस्त करून पाठवू शकतो. समजा तुम्ही लिहिलं, 'आय विल पोस्टपोन अवर मीटिंग.' उत्तर येईल, 'कॅन वी पुश इट टू थर्सडे?' पहिलं वाक्य चूक नाही, पण मित्राला असं कुणी लिहीत नाही. हा फरक यादीत सापडत नाही.

शांघायच्या पीपल्स पार्कसारख्या ठिकाणचे इंग्रजी कट्टे भीड चेपायला उत्तम. मात्र तिथे बहुतेक चिनी माणसंच एकमेकांशी बोलतात, त्यामुळे बोलीचा नवा माल फारसा हाती लागत नाही.

परदेशात नोकरी असेल तर ॲपची गरज नाही, जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर बसावं. चीनमध्येच असाल तर आधी काही महिने मालिका, मग जोडीदार. आणि त्याला पहिल्याच दिवशी सांगावं की अर्थ कळला तरी अवघडलेलं वाक्य सोडून देऊ नकोस.